वाचकांचे प्रश्न : आठ वर्षांचा कार्डिनल आणि एका दिवसातील एकतीस नेमणुका

प्रश्न : रेवदंड्याच्या किल्ल्यातील पोर्तुगीज चर्चांच्या अवशेषांविषयी वाचत असताना, पोर्तुगालचा राजा मानुएल याचा मुलगा वयाच्या आठव्या वर्षी कार्डिनल झाल्याचा उल्लेख आढळला. ही छपाईची चूक आहे का? नसल्यास पोपची निवड करणाऱ्या मंडळात एवढ्या लहान मुलाला बसवले कसे? (एक वाचक, रेवदंडा)

उत्तर : छपाईची चूक नाही. मानुएल राजाचा मुलगा आफोंसो याचा जन्म एप्रिल १५०९ मधील. १ जुलै १५१७ रोजी पोप दहावे लिओ यांनी ज्या ३१ जणांना कार्डिनलपद दिले त्यांच्या यादीत त्याचे नाव आहे. म्हणजे त्या दिवशी आठवे वर्ष पूर्ण होऊन त्याला जेमतेम दोन महिने झाले होते. नेमणुकीला एक अट मात्र होती. वयात येईपर्यंत त्याला पदाचे प्रत्यक्ष अधिकार मिळणार नव्हते, आणि लिओ यांच्या निधनानंतर नवा पोप निवडण्याची वेळ आली तेव्हा तो रोमला गेलाही नाही. पुढे तो लिस्बनचा आर्चबिशप झाला आणि १५४० मध्ये, ऐन तिशीत, वारला.

असे होऊ शकले याचे कारण कार्डिनलपदाच्या स्वरूपात आहे. कार्डिनल ही पुरोहिताप्रमाणे किंवा बिशपाप्रमाणे दीक्षा नव्हे, तो पोपने दिलेला अधिकार आहे. १०५९ मध्ये पोप दुसरे निकोलस यांनी पोपच्या निवडणुकीतील निर्णायक वाटा कार्डिनलांच्या हाती दिला, ११७९ च्या लॅटरन परिषदेने दोन-तृतीयांश मतांची अट घातली, आणि तेव्हापासून हे मंडळ म्हणजे पोपचे सल्लागार व पुढच्या पोपचे मतदार अशी दुहेरी संस्था बनली. प्रत्येक कार्डिनलाच्या नावे रोममधील किंवा रोमलगतचे एखादे चर्च लावले जाते, मग तो माणूस राहायला पॅरिसला असो की लिस्बनला. मंडळात बिशप, पुरोहित आणि डीकन (पुरोहिताच्या खालची पायरी) अशा तीन श्रेण्या होत्या. त्यांपैकी डीकनांच्या श्रेणीत अशी माणसे सहज सामावून घेता येत, ज्यांनी आयुष्यात कधी मिस्सा, म्हणजे चर्चमधील मुख्य उपासना, अर्पण केलेली नव्हती आणि पुढे करतील याचीही खात्री नव्हती.

खुद्द लिओ यांचेच उदाहरण बोलके आहे. फ्लॉरेन्सचा सर्वेसर्वा लोरेन्झो मेदिची याचे हे दुसरे चिरंजीव १४८९ मध्ये, वयाच्या तेराव्या वर्षी, कार्डिनल झाले. पोप आठवे इनोसंट यांच्या मुलाशी लोरेन्झोने आपली मुलगी मादालेना हिचा विवाह लावून दिला होता, आणि व्याह्यांनी ही परतफेड केली. फक्त वयाचा बोभाटा होऊ नये म्हणून नेमणूक तीन वर्षे गुप्त ठेवण्यात आली. १५१३ मध्ये सदतिसाव्या वर्षी लिओ पोप म्हणून निवडून आले तेव्हाही ते डीकनच होते. निवडणूक आधी झाली, पुरोहितपदाची आणि बिशपपदाची दीक्षा नंतरच्या काही दिवसांत उरकण्यात आली. अशा पोपला आठ वर्षांचा राजपुत्र लहान वाटला नसेल, तर त्यात नवल ते काय?

मानुएलाची मर्जी राखण्याला लिओ यांच्याकडे कारणेही भक्कम होती. मार्च १५१४ मध्ये त्रिस्ताँव दा कुन्या याच्या नेतृत्वाखाली पोर्तुगालचे शिष्टमंडळ रोममध्ये आले, त्यासोबत हिंदुस्थानातून लिस्बनमार्गे नेलेला एक पांढरा हत्ती होता. पोपसमोर गुडघे टेकून त्याने सोंडेतले पाणी जमलेल्या लोकांवर उडवले आणि सारे रोम त्याच्यावर लुब्ध झाले. त्यानंतर एक गेंडाही निघाला होता. गुजरातच्या सुलतानाने पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कला दिलेला हा प्राणी गोव्याहून जहाजात चढवून १५१५ मध्ये लिस्बनला पोहोचवण्यात आला; तिथून पोपकडे जाताना इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडाले आणि तो दगावला. आपल्या किनाऱ्यावरची बंदरे व व्यापार या राजाच्या हाती येत चालला होता, आणि त्या समुद्रापलीकडच्या प्रदेशांतील चर्चचा कारभार पाहण्याचे हक्क लिओ यांनी १५१४ मध्येच त्याला बहाल केले होते. राजपुत्राला मिळालेली कार्डिनलपदाची लाल टोपी याच देवाणघेवाणीतील होती.

प्रश्न : एकाच दिवशी ३१ कार्डिनल नेमण्याची गरज पोपना का भासली? या नेमणुका पैसे घेऊन झाल्या असे म्हणतात, ते कितपत खरे? (एक शिक्षिका, वसई)

उत्तर : हा आकडा त्या काळी केवढा प्रचंड होता, हे आधी ध्यानात घ्यावे. पंधराव्या शतकातील कॉन्स्टन्स आणि बाझल येथील चर्चच्या परिषदांनी संपूर्ण मंडळासाठी सुचवलेली संख्या २४ होती. ती मर्यादा पुढच्या पोपनी गुंडाळून ठेवली हे खरे, तरी एका दिवसात ३१ हा विक्रमच होता आणि तो १९४६ मध्ये पोप बारावे पायस यांनी ३२ जणांची नेमणूक करेपर्यंत मोडला गेला नाही.

निमित्त घडले एका कटाचे. सिएना या नगरराज्याच्या सत्ताधारी घराण्यातील अल्फोन्सो पेत्रुच्ची हा पंचविशीतला कार्डिनल लिओ यांच्यावर खार खाऊन होता, कारण १५१६ मध्ये त्याच्या भावाला सिएनाच्या सत्तेवरून हटवण्यामागे लिओ यांचाच हात होता. पोपना भगंदराचा त्रास होता. त्यावर उपचार करण्याच्या मिषाने बात्तिस्ता दा वेर्चेल्ली नावाच्या शस्त्रवैद्याला पाठवून विषप्रयोग करायचा, असा बेत पेत्रुच्चीने आखल्याचा आरोप ठेवण्यात आला. सुरक्षिततेची हमी देऊन त्याला रोमला बोलावण्यात आले, त्या हमीचा शब्द स्पेनच्या वकिलालाही देण्यात आला होता, आणि मे १५१७ मध्ये तो पोहोचताच त्याला सांत आंजेलोच्या किल्ल्यात डांबण्यात आले. जुलैमध्ये तिथेच त्याचा गळा आवळून वध झाला. वैद्य आणि पेत्रुच्चीचा चिटणीस यांना तर हालहाल करून मारण्यात आले.

चौकशीची व्याप्ती मग वाढत गेली. बान्दिनेल्लो साउली, रोममधील सर्वांत धनाढ्य कार्डिनलांपैकी एक असलेले राफाएले रिआरियो, फ्रान्चेस्को सोदेरिनी आणि आद्रियानो कास्तेल्लेसी यांची नावे पुढे आली. कट खरोखर कितपत शिजला होता याविषयी इतिहासकारांत आजही मतभेद आहेत. मला स्वतःला असे वाटते की पेत्रुच्चीचा राग खरा होता, बाकीच्यांचा दोष बहुधा ऐकून गप्प बसण्याइतकाच होता. परंतु पोपच्या तिजोरीला हे प्रकरण भलतेच मानवले, हे नाकारता येत नाही. एकट्या रिआरियोंना दीड लाख डुकाट दंड झाला. डुकाट म्हणजे सुमारे साडेतीन ग्रॅम सोन्याचे नाणे, तेव्हा ही रक्कम पाचशे किलोंहून अधिक सोन्याची झाली. त्यांचा भव्य प्रासादही त्यांच्या हातून गेला आणि तिथे पोपच्या दफ्तराचे कार्यालय आले. ती इमारत आजही रोममध्ये उभी आहे.

तिजोरी रिकामी का झाली होती, हेही सांगायला हवे. पुतण्या लोरेन्झो याला उर्बिनोचे राज्य मिळवून देण्यासाठी लिओ यांनी छेडलेले युद्ध १५१७ मध्ये पैसा गिळत होते. शिवाय संत पेत्राच्या महामंदिराचे बांधकाम, विद्वानांना व कलावंतांना आश्रय आणि रोजच्या मेजवान्या होत्याच, आणि खर्चाच्या बाबतीत लिओ यांचा हात भलताच सैल होता. अशा वेळी नवे कार्डिनल नेमले की काहींकडून भरघोस रकमा मिळत, ही गोष्ट समकालीनांनी उघड लिहून ठेवली आहे. यादीतील फ्रान्चेस्को आर्मेल्लिनी आणि फेर्दिनांदो पोन्झेत्ती हे मुख्यतः पोपच्या आर्थिक कारभारातून वर आलेले गृहस्थ होते. त्यांच्या धार्मिक कार्याविषयी कोणी फारसे बोलल्याचे आढळत नाही.

तरीही संपूर्ण यादी पैशांवर निघाली, असे म्हणणे अन्यायाचे होईल. तिच्यात जोव्हान्नी साल्व्हियाती आणि निक्कोलो रिदोल्फी हे पोपचे सख्खे भाचे आहेत, लुइजी दे रोस्सी हे जवळचे नातलग आहेत. कोलोन्ना आणि ओर्सिनी या रोमच्या हाडवैरी घराण्यांतील प्रत्येकी एक माणूस आहे, म्हणजे कोणाला रुसायला जागा नको. फ्रान्सच्या राजघराण्याशी संबंधित लुई द बूर्बाँ आहेत आणि आपला छोटा आफोंसो आहे. मात्र त्याच यादीत डोमिनिकन संघाचे प्रमुख आणि मोठे तत्त्वचिंतक तोमासो कायेतान आहेत, हिब्रूचे गाढे अभ्यासक व ऑगस्टिनियन संघाचे प्रमुख एजिदियो दा व्हितेर्बो आहेत, फ्रान्सिस्कन संघाचे प्रमुख क्रिस्तोफोरो नुमाई आहेत, कायदेपंडित लोरेन्झो काम्पेज्जो आहेत आणि उत्रेख्तचे आद्रियान आहेत. एकाच कागदावर सावकार, भाचे आणि साधुवृत्तीचे पंडित अशी सरमिसळ दिसते ती उगीच नव्हे, कारण विद्वानांच्या नावांमुळे उरलेल्या नावांना थोडी अब्रू मिळत होती. मोठे संन्यस्त संघही त्यामुळे संतुष्ट राहिले.

यांपैकी दे रोस्सी यांचा चेहरा पाहायचा असेल तर चित्रकार राफाएलने त्यानंतर साधारण वर्षभरात काढलेले लिओ यांचे चित्र पाहावे. फ्लॉरेन्सच्या उफ्फिझी संग्रहालयात ते आहे. पोप मेजाशी बसले आहेत, समोर रंगीत चित्रांनी सजवलेली पोथी उघडी आहे आणि त्यांची दृष्टी अधू असल्यामुळे हातात भिंग आहे. मेजावर नक्षीदार घंटा आहे. मागे दोन कार्डिनल उभे आहेत आणि दोघेही घरचेच. एक चुलतभाऊ जुलिओ मेदिची, दुसरे दे रोस्सी, ज्यांनी पोपच्या खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरून ठेवली आहे. तिघांपैकी कोणाचीही नजर दुसऱ्याकडे नाही.

प्रश्न : आमच्याकडे सहकारी सोसायटीची निवडणूक जवळ आली की आपल्या बाजूचे नवे सभासद भराभर करून घेतात. पोपनी केले ते यापेक्षा वेगळे होते का? जुन्या कार्डिनलांनी विरोध केला नाही काय? आणि इतके करून पोपचा हेतू साध्य झाला का? (एक वाचक, मालवण)

उत्तर : आपली तुलना अगदी चपखल आहे. फरक इतकाच की तिथे सभासदत्व आजीव असते आणि निवडणूक केव्हा येईल ते कोणालाच ठाऊक नसते.

विरोधाचे म्हणावे तर, त्या काळी पोपच्या निवडणुकीआधी सगळे कार्डिनल एका करारावर सह्या करीत. निवडून येणारा कोणीही असो, त्याने मंडळाच्या संमतीशिवाय नवे कार्डिनल नेमू नयेत आणि संख्या वाढवू नये, असे कलम त्या करारांत वारंवार आढळते. निवडून आलेला पोप ते वारंवार धाब्यावर बसवी, कारण गादीवर बसल्यावर त्याच्याविरुद्ध दाद मागायची कोणाकडे? कार्डिनलांचा विरोध तत्त्वापेक्षा पोटापाण्याचा अधिक होता. बिशपांच्या आणि मठाधिपतींच्या नेमणुकांवर रोमला जी रक्कम भरावी लागे, तिचा निम्मा भाग रोममध्ये हजर असलेल्या कार्डिनलांत वाटला जाई. डोकी वाढली की प्रत्येकाचा वाटा घटला, इतका हा सरळ हिशेब होता.

नेमणुकीची रीत कन्सिस्टरी या सभेत पार पडे. पोप आपल्या मनातील नावे सांगून जमलेल्या कार्डिनलांना ‘तुम्हाला काय वाटते?’ असे विचारीत. प्रश्न खरा असला तरी उत्तराचे स्वातंत्र्य वेळ पाहून असे. १५१७ च्या उन्हाळ्यात, एक सहकारी किल्ल्यात कैद आहे, आणखी काही जण दंड भरून कसेबसे सुटले आहेत, अशा परिस्थितीत ‘नाही’ म्हणण्याची छाती कोणाची होणार? निवड झालेल्यांना अंगठी, लाल टोपी आणि नावे लावलेले चर्च मिळे. त्यातही एक मजेदार विधी होता. नव्या कार्डिनलाचे ‘मुख बंद’ केल्याचे पोप जाहीर करीत आणि पुढच्या एखाद्या सभेत ते ‘उघडत’. तोवर त्याने सभेत बोलायचे नाही. अनेक मंडळांना ही प्रथा आजही उपयोगी पडावी.

आता हेतू साध्य झाला का, हा आपला शेवटचा आणि खरा महत्त्वाचा प्रश्न. जिवंतपणी झाला, मृत्यूनंतर फसला. मंडळाचा आकार एका दिवसात जवळपास दुप्पट झाल्यामुळे जुन्या विरोधकांचे वजन उरले नाही आणि लिओ यांना पुढची चार वर्षे घरातून धोका राहिला नाही. १ डिसेंबर १५२१ रोजी ते वारले. गणिताप्रमाणे त्यांनी नेमलेल्या बहुसंख्य मतदारांनी चुलतभाऊ जुलिओ यांना गादीवर बसवायला हवे होते. प्रत्यक्षात कॉन्क्लेव्हमध्ये, म्हणजे पोप निवडण्याच्या बंद दाराआडच्या सभेत, जुलिओंना सर्वांत कडवा विरोध केला तो दोघांनी : एक, कटाच्या प्रकरणात दंड भरलेले आणि आता परत आलेले सोदेरिनी, दुसरे पोंपेओ कोलोन्ना, ज्यांना लिओ यांनीच १५१७ च्या यादीत घेतले होते. कोंडी फुटेना, तेव्हा जुलिओंनीच बाहेरचे एक नाव पुढे केले, १५१७ चेच कायेतान त्या नावाच्या बाजूने बोलले, आणि ९ जानेवारी १५२२ रोजी उत्रेख्तचे आद्रियान पोप झाले. तेही १५१७ च्या यादीतलेच. ते त्या वेळी स्पेनमध्ये होते आणि रोमला त्यांनी कधी पाय ठेवलेला नव्हता.

सुताराच्या घरात जन्मलेल्या या गृहस्थांनी रोममध्ये आल्यावर लिओ यांच्या दरबाराचा सारा थाट बंद केला. नव्या नेमणुकांच्या बाबतीत ते इतके चोखंदळ होते की आपल्या संपूर्ण कारकिर्दीत त्यांनी एकच कार्डिनल नेमला, तोही मृत्यूच्या तोंडावर, सप्टेंबर १५२३ मध्ये. त्यांच्यामागून जुलिओ मेदिची अखेर सातवे क्लेमंट या नावाने पोप झाले खरे, पण १५२६ मध्ये पोंपेओ कोलोन्ना यांच्या माणसांनी थेट व्हॅटिकनवर चाल करून लूट केली. टोपी देता येते, निष्ठा विकत घेता येत नाही, हे मेदिची घराण्याला नऊ वर्षांत पुरते कळून चुकले असावे.

जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर यांच्या ९५ कलमांचाही संबंध पुष्कळ वाचक जोडतात. ती कलमे ३१ ऑक्टोबर १५१७ ची, म्हणजे या नेमणुकांनंतर चार महिन्यांनी आली. त्यांचा रोख पापक्षमापत्रांच्या विक्रीवर होता, कार्डिनलांच्या नेमणुकीवर नव्हे. पण ल्यूथर यांना जाब विचारायला १५१८ मध्ये ऑग्सबुर्गला जे गेले ते कायेतान. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीच्या घटस्फोटाचा खटला ऐकायला लंडनला गेलेले काम्पेज्जो हेही त्याच यादीतले.

प्रश्न : रोममधील या घडामोडींचा कोकणावर काही प्रत्यक्ष परिणाम झाला का? (इतिहासाचा एक विद्यार्थी, रत्नागिरी)

उत्तर : नेमणुकांचा थेट परिणाम झाला नाही. मात्र त्याच पोपच्या एका निर्णयाचा झाला. जून १५१४ मध्ये लिओ यांनी मदेरा बेटावरील फुंशाल येथे धर्मप्रांत स्थापन केला आणि पोर्तुगीजांनी शोधलेले किंवा घेतलेले सर्व दूरचे प्रदेश त्याला जोडले. त्यामुळे पुढची सुमारे वीस वर्षे गोवा आणि चौल येथील चर्चचा कारभार कागदोपत्री आफ्रिकेच्या पश्चिमेला असलेल्या एका बेटावरील बिशपाकडे होता. ज्या १५२१ मध्ये लिओ वारले, त्याच वर्षी चौलजवळ रेवदंड्याला पोर्तुगीजांनी किल्ला बांधायला घेतला. सातवे क्लेमंट आणि त्यांच्यानंतरचे तिसरे पॉल यांच्या काळात, १५३३-३४ मध्ये, गोव्याचा स्वतंत्र धर्मप्रांत अस्तित्वात आला आणि १५३४ मध्येच वसई पोर्तुगीजांच्या ताब्यात गेली.

एक गोष्ट मात्र फारशी कोणाच्या लक्षात नसते. आफोंसोचा धाकटा भाऊ हेन्रिक हाही कार्डिनल झाला, १५४५ मध्ये. पुढे पुतण्याचा मुलगा राजा सेबास्तियाँव मोरोक्कोतील लढाईत निपुत्रिक मारला गेला, तेव्हा १५७८ मध्ये हा वृद्ध कार्डिनलच पोर्तुगालचा राजा झाला. वारस हवा म्हणून त्याने विवाहाची परवानगी पोपकडे मागितली. ती मिळाली नाही आणि १५८० मध्ये तो वारला. त्या दीड वर्षापुरते वसई, चौल आणि दमण येथील रयतेचा राजा रोमच्या चर्चचा कार्डिनल होता.

प्रश्न : आज असे होऊ शकते का? (एक वाचक, वेंगुर्ले)

उत्तर : नाही, पण सुधारणा व्हायला फार काळ लागला. १५८६ मध्ये पोप पाचवे सिक्स्टस यांनी मंडळाची कमाल संख्या ७० ठरवली, पात्रतेचे नियम घातले आणि मंडळात आधीच असलेल्यांच्या जवळच्या नातलगांना घेण्यावर बंधन आणले. त्याच्या आदल्याच वर्षी त्यांनी आपल्या बहिणीच्या चौदा वर्षांच्या नातवाला कार्डिनल करून घेतले होते, हा भाग वेगळा. पोपनी नातलगांवर पदांची व इनामांची खैरात करण्याला खरा पायबंद १६९२ मध्ये बाराव्या इनोसंट यांच्या फर्मानाने बसला. राजपुत्रांचा मार्ग तरीही बंद झाला नाही : १७३५ मध्ये, म्हणजे चिमाजी अप्पांनी वसई घेण्याच्या चार वर्षे आधी, स्पेनच्या राजाचा आठ वर्षांचा मुलगा लुईस कार्डिनल झाला होता. कार्डिनल होण्यासाठी किमान पुरोहित असले पाहिजे हा नियम १९१७ च्या धर्मसंहितेतला, आणि त्याने बिशपपदाची दीक्षा घेतलेली असावी हा १९६२ चा. या दुसऱ्या अटीतून पोप सूट देऊ शकतात. वयाची ८० वर्षे उलटलेल्या कार्डिनलांना १९७१ पासून मतदान करता येत नाही. म्हणूनच मे २०२५ च्या कॉन्क्लेव्हमध्ये मुंबईचे कार्डिनल ऑस्वाल्ड ग्रेशियस यांना मत नव्हते, गोव्याचे आर्चबिशप फिलीप नेरी फेर्राव यांना होते. आणि त्या १३३ मतदारांनी निवडलेल्या पोपनी लिओ हेच नाव घेतले, मात्र त्यांच्या मनात होते ते एकोणिसाव्या शतकातील तेरावे लिओ.